कडब्याच्या रंगाचे पाणी

सांगली म्हटली की आपल्यापैकी पुष्कळांना हळदीचा सौदा आठवेल. कुणाला गणपतीचे देऊळ आठवेल, कुणाला पुराच्या पाण्यात उभा असलेला आयर्विन पूल. मीही आजवर सांगलीला गेलो तो एक तर माल घेऊन, नाही तर दवाखान्यासाठी. या खेपेला मात्र गेलो तो गोणपाटात एक ओतीव दातेरी चाक बांधून. आमच्या कडबा कापायच्या यंत्राचे ते चाक. त्याचा एक दात मुळापासून उडाला होता.

एका दाताचे ते काय एवढे, असे तुम्हाला वाटेल. पण ज्यांच्या दावणीला चार म्हशी आहेत त्यांना विचारा. उन्हाळ्याचे दिवस, हिरवा चारा नाही, आणि आख्खा कडबा टाकला की जनावर पाला ओरबाडून घेते नि धाटे पायाखाली तुडवते. गंज अर्ध्यावर आलेली, पाऊस दीड महिना लांब. घरच्या मंडळींनी दोन दिवस कोयत्याने कडबा तोडला. तिसऱ्या दिवशी सूनबाईच्या तळहाताला फोड आले, तेव्हा मी चाक पाठीवर मारले आणि गाडी पकडली.

सांगलीच्या बाजारात तीन दुकाने हिंडलो. त्या जातीचे यंत्र आता निघत नाही, सुटा भाग मिळणार नाही, असे तिन्हीकडे ऐकले. एका वर्कशॉपमध्ये तर मालकाने चाकाकडे नीट पाहिलेही नाही. "भंगारात घाला आणि नवीन यंत्र घ्या," म्हणाला. सल्ला फुकट होता, यंत्र फुकट नव्हते. कुणीतरी म्हणाले, मिरजेला ओतकाम करणारे आहेत, तिकडे जा. गेलो. त्यांनी माणुसकीने विचारपूस केली, पण एका चाकासाठी लाकडी नमुना करायचा, साचा भरायचा, मग ओतायचे, म्हणजे पंधरा दिवस. पंधरा दिवस म्हशींना काय सांगायचे?

गाडीला वेळ होता म्हणून मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिरलो. मीरासाहेबांच्या दर्ग्यामुळे मिरज जशी ओळखली जाते, तशीच ती या गल्लीमुळेही. पंढरपूरकडच्या भागातून येणारे मोठमोठे भोपळे उंबऱ्याशी रचलेले, आत तंबोऱ्याच्या दांड्या, लाखेचा आणि पॉलिशचा वास. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मला तिथे थांबवले ते वेगळ्याच गोष्टीने. या घराण्यांचे मूळ शिकलगारांचे. तलवारी, भाले घडवायचे, त्यांना धार लावायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. तलवारींचे दिवस सरले, तसे एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये दुरुस्त करण्याचे आणि मग नवीन घडवण्याचे काम हाती घेतले. पोलादावर बसलेला हात लाकडावर आला. एका ओसरीवर म्हातारेसे कारागीर तारदांडीवर नक्षी कोरत बसले होते. त्यांच्या पुढ्यातल्या बारक्या पटाशा पाहून मी विचारले, ही हत्यारे कुठे मिळतात? ते हसले. "मिळतात कुठली? जुन्या कानशीची करायची. आपल्या हाताला जसं पाहिजे तसं दुकानात कोण ठेवतो?"

हे वाक्य डोक्यात घेऊनच मी पुण्याकडच्या गाडीत बसलो. सांगली, माधवनगर, नांद्रे, भिलवडी. दोन्ही अंगांना ऊस, मध्येच द्राक्षाचे मांडव. माझे गाव किर्लोस्करवाडीच्या पुढे दोन स्टेशने. पण वाडीला उतरलो. म्हटले, कडबा कापायच्या यंत्राचे दुखणे घेऊन हिंडतोच आहे, तर ते यंत्र आपल्याकडे ज्यांनी रुजवले त्यांच्या दारावरून तरी जावे.

या स्टेशनाचे जुने नाव कुंडल रोड. आज इथे झाडी, शाळा, कामगारांची घरे आणि पंपांचा मोठा कारखाना आहे. १९१० साली इथे निवडुंग होता आणि साप होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे बेळगावकडचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले, पण रंग ओळखण्यात नजरेत दोष आहे असे आढळले. मग चित्रे सोडून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर १८८८ साली सायकलींचे दुकान काढले, आणि पुढे शेतीचे पहिले यंत्र केले ते हेच, कडबा कापायचे. नंतर लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष उतरते, असे तेव्हा आपलेच वाडवडील म्हणत. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. बेळगावची जागा नगरपालिकेच्या हुकमाने सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातली ही बत्तीस एकर माळरानाची जागा आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १० मार्च १९१० रोजी इथे काम सुरू झाले. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले, तर कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवून त्यांचे नांगर झाले. हे सगळे तुम्ही शाळेत ऐकले असेल. मला त्या दिवशी फलाटावर बसून वाटले ते एवढेच, की ज्या माणसाला बाजारात मिळत नाही म्हणून थांबायची सवय नव्हती, त्याच्या गावात मी मोडके चाक घेऊन बसलो आहे.

चहाच्या गाड्यावर एक पोक्त कामगार शेजारी उभे होते. गोणपाटातून दिसणारा दात त्यांनीच पाहिला. म्हणाले, "इथनं तीन मैलावर लोहाराची वस्ती आहे. त्याच्या पोरानं घरच्या शेडात लेथ टाकलाय. त्याच्याकडं जावा. आबा अजून बसतोय भट्टीवर."

लोहाराचे घर म्हणजे पुढे भट्टी, मागे पत्र्याचे शेड. शेडात हरिहरचा एक जुना लेथ. किर्लोस्करांनीच १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहरला लेथचा कारखाना काढला होता. तो कारखाना पुढे बंद पडला, पण त्याचे लेथ अजून खेडोपाडीच्या शेडांत फिरताहेत. शेजारी सहाणीचे यंत्र, म्हणजे ग्राइंडर, एक ड्रिल, बाक आणि शेगडी. मुलगा तिशीतला. त्याने चाक उलटेपालटे करून पाहिले, दातांवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "काका, दात बसवता येईल. पण दाताच्या आकाराचं टूल लागंल. ते कुठं मिळत न्हाई. आपल्यालाच करावं लागंल. उद्या या."

आता हे टूल म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे पुष्कळ घरांतली मुले आयटीआय करून आली आहेत आणि एखादा जुना लेथ घ्यावा असे त्यांच्या मनात असते. लेथवर काम फिरते आणि टूल स्थिर राहून त्याला सोलते. जसे आपण ऊस सोलतो, फक्त इथे ऊस फिरतो आणि कोयता जागेवर राहतो. बाजारात जे टूल मिळते ते चौकोनी कांडीच्या रूपात. हायस्पीड पोलाद म्हणतात त्याला. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात अमेरिकेच्या टेलर आणि व्हाईट या दोघांनी ते पहिल्यांदा जगाला दाखवले. टोक लालभडक होईपर्यंत तापले तरी ते कापत राहिले. त्यात टंगस्टनसारखे धातू मिसळलेले असतात. हे पोलाद बाराशे अंशांच्या वर तापवून पाणी द्यावे लागते, ते आपल्या भट्टीचे काम नव्हे. पण घासून हवा तो आकार देता येतो. तेवढे करायला शिकले तरी निम्मे काम झाले. तुटलेले ड्रिलसुद्धा टाकू नये, त्याचे बारीक टूल होते.

पण दाताच्या खाचेसारखा नेमका वळणदार आकार सहाणीवर उतरवणे अवघड. तिथे जुनी कानस कामाला येते. कानशीचे पोलाद साधे, कार्बनचे. ते मऊ करता येते, मऊ असताना दुसऱ्या कानशीने घासून हवा तो आकार देता येतो, आणि मग पुन्हा कडक करता येते. आपला लोहार कुऱ्हाडीला पाणी देतो तेच हे. वेगळे काही नाही. मुलगा मला म्हणाला, आयटीआयमध्ये हे शिकवले तेव्हा पुस्तकातला अर्धा धडा आपल्या घरीच रोज चालतो हे पाहून त्याला हसू आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तेव्हा आबा राखेत हात घालून बसले होते. आदल्या रात्री त्यांनी कानशीचे दोन तुकडे लाल करून राखेत पुरले होते, म्हणजे ते सावकाश निवून मऊ पडतात. मुलाने एक तुकडा घेतला, चाकाच्या धड खाचेत धरला, मागून उजेड घेतला आणि फट दिसेल तिथे घासू लागला. दोन तास गेले. आकार जुळल्यावर त्याने पुढची आणि बाजूची अंगे खालच्या बाजूला सहा-सात अंशांनी आत घेतली. हे विसरले तर धार टेकण्याआधी टूलचे पोटच कामाला घासते आणि मग कितीही जोर लावा, कापत नाही. नवशिक्याची निम्मी टूले एवढ्यानेच वाया जातात.

मग भट्टी. आबांनी दार लोटून घेतले, कारण उन्हात पोलादाचा रंग कळत नाही. तुकडा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला, तसा मुलाने तो पाण्यात बुडवला. चर्र आवाज झाला आणि त्यामागून एक बारीक, कोरडा आवाज आला. टिक्‌. बाहेर काढून पाहिले तर टूल मधोमध तडकलेले.

कुणी काही बोलले नाही. मी गंजीचा हिशेब करू लागलो. आबांनी तुकडा हातात घेतला, पुन्हा मोडला आणि दाराच्या फटीशी नेऊन डोळ्याजवळ धरला. "आरं, ह्या अंगाचं कानशीचं दात तसंच ठेवलंस. चीर हितनं निघालीया." खरेच होते. आकार दिलेल्या बाजूला मुलाने सगळे घासून काढले होते, पण मागच्या अंगाला जुन्या कानशीच्या बारीक खाचा तशाच राहिल्या होत्या. गरम पोलाद पाण्यात एकाएकी आकसते, आणि जिथे खाच असेल तिथून फाटते. ज्यांना घरी कानशीचा सुरा किंवा पटाशी करायची असेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. आधी सर्व अंगांचे दात घासून गुळगुळीत करायचे, मगच भट्टी. मुलाचा चेहरा उतरला. तीन तासांचे काम गेले होते.

दुसरा तुकडा राखेत होता म्हणून बरे. तो कानशीवर घासता घासता मुलाने मला हळूच सांगितले, की आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, गेल्या वर्षी एका डोळ्याचे ऑपरेशन झाले. मोतीबिंदूने सगळेच पिवळसर दिसू लागते. ऑपरेशननंतर आबा म्हणत होते, एका डोळ्याला लाल वेगळा दिसतो नि दुसऱ्याला वेगळा, आता कुठला खरा मानू? पन्नास वर्षे ज्या नजरेवर भट्टी चालली तीच डगमगली. मुलाने तेव्हापासून एक जुने स्पीकरचे लोहचुंबक तारेला बांधून ठेवले आहे. पोलाद सातशे सत्तर अंशांच्या आसपास पोचले की त्याला चुंबक धरत नाही. चुंबक सुटले, त्याच्या जरासे वर नेले, की बुडवायचे. आबांना ते आधी मुळीच पसंत नव्हते. आता तेच म्हणतात, "लोहचुंबक लाव आन्‌ मग मला इचार." मला फलाटावरची गोष्ट आठवली. रंगांनी दगा दिला म्हणून चित्रकला सोडलेला माणूस, आणि रंगांनी दगा दिला तरी भट्टी न सोडलेला हा दुसरा.

या वेळी पाणी कोमट घेतले. तुकडा सरळ उभा बुडवला, आडवा नाही, म्हणजे वाकत नाही. आवाज आला तो फक्त पाण्याचा. कानस फिरवून पाहिली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली. कडक झाले. पण असे टूल काचेसारखे ठिसूळही असते, पहिल्याच ठोक्याला टोक उडते. म्हणून थोडा कडकपणा परत उतरवायचा. त्यासाठी एक अंग घासून चकचकीत केले आणि तापलेल्या लोखंडी पट्टीवर टूल ठेवले, धार बाहेर राहील असे. चकाकीवर हळूहळू रंग चढू लागले. आबा मागे उभे राहून मोजल्यासारखे सांगत होते. "आधी कडबा. मग गूळ. मग वांगं. मग निळा." लेथच्या टूलला वाळल्या कडब्याचा फिकट पिवळा पुरे, तो साधारण दोनशे तीस अंशांना येतो. ड्रिल, टॅप यांना गुळाचा तांबूस, लोखंड तोडायच्या छिन्नीला वांग्याचा जांभळा, आणि स्प्रिंगला निळा. जितके धक्के जास्त तितके पुढे जायचे. कडबा दिसला मात्र, आबांनीच चिमट्याने टूल उचलून पाण्यात टाकले. एवढा रंग त्यांना अजून पक्का दिसतो.

इथे एक सावधगिरी सांगतो. अशा साध्या पोलादाच्या टूलला नंतर सहाणीवर धार लावताना वारंवार पाण्यात बुडवावे. एकदा का धार निळी झाली की तिचे पाणी उतरले समजा. आणि लेथही निम्म्या गतीने चालवावा. हायस्पीड टूलने चाळीस मिलिमीटर जाडीचा मऊ लोखंडी शाफ्ट मिनिटाला दोनशे फेऱ्यांवर सोलता येत असेल, तर कानशीच्या टूलने शंभरावर. दोन्ही पोलादे ओळखायची कशी? सहाणीला टेकवा. साध्या कार्बन पोलादाच्या ठिणग्या पिवळ्या-पांढऱ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. हायस्पीडच्या तांबूस, मोजक्या, न फुटणाऱ्या.

आणि सहाणीपाशी डोळ्यांना चष्मा हवाच. हातमोजे, मफलर, सुटे धोतर, लोंबता पदर, मोकळी वेणी यांतले काहीही सहाणीजवळ किंवा फिरत्या लेथजवळ नको. नवीन दगड बसवण्याआधी तो बोटावर टांगून लाकडी दांड्याने हलकेच वाजवावा. खणखणीत वाजला तर बसवा, बद्द वाजला तर फेकून द्या. हे त्या मुलाने मला दोनदा सांगितले. त्याच्या भुवईवर एक जुना व्रण आहे, तो कशाचा ते मी विचारले नाही.

दात बसवायचे काम मग झपाट्याने झाले. मोडक्या जागी चाकाच्या कडेवर त्याने तोंडाशी अरुंद आणि बुडाशी रुंद अशी आडवी खाच केली. तिच्यात मऊ लोखंडाचा ठोकळा बाजूने ठोकून बसवला आणि दोन स्क्रूंनी पक्का केला. चाक लेथवर चढवले. मला वाटले आता मोटार सुरू करेल. तर त्याने मेनचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि चकच्या जबड्याखाली लाकडी ठोकळा घालून चक जाम केला! लेथ न फिरवताच काम करायचे होते. टूल आडवे बांधले, धड खाचेत अलगद सरकते की नाही ते पाहून उंची जुळवली, मग चाक एका दाताने फिरवून पुन्हा जाम केले. हाताच्या चाकाने टूलची गाडी पुढे-मागे ओढायची, आणि दर फेरीला कागदाच्या जाडीएवढे आत घ्यायचे. जास्तीचे लोखंड आधीच करवतीने काढले होते. दर ओढीला केसासारखी एक सळ निघत होती. एक बाजू झाली, दुसरी झाली. मध्ये तेलाचे दोन थेंब. धार शेवटपर्यंत टिकली.

मी त्याला विचारले, एका दातासाठी एवढा खटाटोप परवडतो का? तो म्हणाला, "सगळंच घरी करत न्हाई काका. ड्रिल इकत आणतो, कार्बाईडची टोकं इकत आणतो. ती घरी करत बसणं येडेपणा हाय. पण जे इकत मिळतच न्हाई, तिथं गिऱ्हाईक माघारी लावायचं का?" त्याने मग पत्र्याचा एक डबा उघडून दाखवला. त्यात तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली वीसपंचवीस टूले होती. एक रसवंतीच्या चरकाच्या खाचेचे, एक पंपाच्या बुशात तेलाची चर पाडायचे, एक कुठल्या तरी बंद पडलेल्या इंजिनाच्या आट्याचे. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली, तीवर गाव आणि काम.

पैसे त्याने वाजवी घेतले. चहा झाल्यावर आबांनी आमचे टूल उचलले, नखावर धार घासून पाहिली, तेल लावले आणि फडक्यात गुंडाळून मुलाकडे दिले. मुलाने चिठ्ठीवर आमच्या गावाचे नाव लिहिले.

संध्याकाळच्या गाडीने घरी आलो. रात्री कंदील धरून चाक बसवले. बाकीचे दात काळे, हा एकच पांढरा, त्यामुळे यंत्र फिरू लागले की तो दर फेरीला चमकून जातो. सूनबाईने पहिली पेंढी लावली, मी चाक फिरवले, आणि कुट्टी पडायला लागल्याचा आवाज ऐकून गोठ्यातली थोरली म्हैस रेकली.